भावसिंग राठोडची राष्ट्रीय योजना

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. कचेरीसमोर बसणाऱ्या माणसाला देशाची ओळख जरा लवकर होते. पेपरात देश निराळा दिसतो. माझ्या बाकड्यावरून तो उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी आणि वारसाच्या नोंदीसाठी उन्हात उभा असलेला दिसतो. या रांगेतल्या प्रत्येकाला देशाकडून काहीतरी हवं असतं आणि त्यात गैर काहीच नाही. मला आजवर एकच माणूस असा भेटला, ज्याला देशाकडून काही नको होतं, उलट देशालाच काही द्यायचं होतं. देशाची घ्यायची तयारी नव्हती, हा भाग वेगळा.

त्याचं नाव भावसिंग राठोड. दारव्ह्याहून जीपने अर्ध्या-पाऊण तासावर त्याचा बंजाऱ्यांचा तांडा. बुटका बांधा, ओठ झाकणाऱ्या मिशा, काखेत प्लॅस्टिकची फाइल, आणि बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं कापड दोन बोटांत धरून चाचपायची सवय. ही सवय जिनिंगमधली. एका जिनिंगमध्ये त्याने उमेदीची वर्षं फिटर म्हणून काढली होती. गाड्या भरभरून कापूस यायचा, यंत्रातून सरकी निराळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि ट्रकमध्ये चढून कुठेतरी दूर निघून जायच्या. पुढे ते जिनिंग बंद पडलं, भावसिंग तांड्यावर शेती बघायला परतला, पण त्या गाठींच्या मागे त्याचं डोकं जे निघून गेलं ते काही परत आलं नाही.

"अश्वजितभाऊ," तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "आमचे बापदादे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून आख्खा मुलूख फिरले. लदेणी म्हणत त्याले. माल नेणं, माल विकणं, हा आमचा धंदा होता. अन् आता आमी इथं पिकवत बसलो, अन् नेऊन राह्यले दुसरेच. हे उलटं काहून झालं, त्याचा इचार केला का कोणी?"

कोणी केला नव्हता, म्हणून त्याने केला. त्यातून योजना निघाली. तिचं पहिलं कलम मला आजही झोपेत टाइप करता येईल: कच्चा कापूस तालुक्याबाहेर जाऊ नये. सूत होऊन जावा, कापड होऊन जावा, सदरा होऊन गेला तर फारच चांगलं, पण कापूस म्हणून जाऊ नये. त्यासाठी गावागावांच्या गटाला एक छोटी सूतगिरणी, आणि त्यातली पहिली भावसिंगच्या तांड्यावर, नमुना म्हणून. जिल्ह्यातल्या शाळांचे गणवेश, दवाखान्यांच्या चादरी आणि कचेऱ्यांचे पडदे याच कापडाचे असावेत, असा कायदा. आमदार-खासदारांना निम्मा पगार कापसात द्यावा, म्हणजे तो विकायला ते स्वतः खरेदी केंद्रावर गाडी घेऊन उभे राहतील आणि धोरण आपोआप सुधारेल. हे कलम गाळा, असं मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हेच तर धोरण आहे, भाऊ. बाकी सारा कारखाना आहे."

कापूस हा मुख्य विषय असला तरी त्याची नजर तेवढ्यावर थांबणारी नव्हती. आमच्याकडे पळस उदंड, तेव्हा रेल्वेतला सगळा चहा पळसाच्या पानांच्या द्रोणातून द्यावा, असंही एक कलम होतं. मी म्हटलं, गळेल. त्याने घरी जाऊन प्रयोग केला, चहा धोतरावर सांडून घेतला, आणि पुढच्या खेपेला ते कलम 'संशोधनाधीन' या मथळ्याखाली हलवलं. खोटं बोलायचं नाही, हा त्याचा एक मोठा अडथळा होता.

योजनेच्या प्रती दिल्लीला जात, मुंबईला जात, आणि अधूनमधून उत्तरंही येत. आपलं पत्र मिळालं, योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे, आपल्या तळमळीबद्दल आभार. योग्य तो विभाग कोणता हे आम्हाला कधी कळलं नाही. तो फार मोठा असावा, कारण देशातलं सगळंच तिकडे जाताना दिसत होतं. भावसिंग उत्तर वाचून खूश व्हायचा, सुधारणा सुचल्या म्हणून नवा मसुदा लिहायचा, आणि संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून तो मोठ्याने वाचायचा. ऐकायला कोणी यावं असं त्याचं म्हणणं नव्हतं. वाचल्याशिवाय चूक कळत नाही, एवढंच.

त्याच अंगणाच्या कडेला त्याच्या बायकोची, नंदाबाईंची, पिठाची गिरणी होती. वीज आली की बाया डबे घेऊन येत, गेली की तिथेच बसून राहत. त्या घरातला खरोखर चालणारा उद्योग हा एवढाच. त्याची योजना कोणी टाइप केली नव्हती आणि तो कोणत्याही विभागाकडे गेला नव्हता. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर भावसिंग म्हणाला, "ते घरगुती आहे. मी राष्ट्रीय म्हणून राह्यलो." नंदाबाई पट्टा चढवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

मग कपाशीचे ते वाईट दिवस आले. बियाणं महाग, बोंडअळी बेफाम, भाव पडलेला, आणि गावोगावी माणसं जायला लागली. त्या दिवसांची मी थट्टा करणार नाही. वारसाचे अर्ज माझ्याच दुकानात टाइप होत, आणि काही बायांना नवऱ्याचं नाव सांगताना तोंडातून शब्द फुटत नसे. मी मान खाली घालून टाइप करत असे. माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात माणसांची जी रीघ लागली, पथकं, समित्या, कॅमेरेवाले, पुस्तक लिहिणारे, त्या सगळ्यांना दुःखच बघायचं होतं, आणि तेही दिवस मावळायच्या आत यवतमाळच्या हॉटेलात परत पोचता येईल अशा अंतरावरचं. आमच्याकडे दुःखाशिवाय दुसरं काही, म्हणजे समजा एखादा विचार, असू शकेल असं कोणाच्या मनातच येत नव्हतं. भावसिंगची अडचण तीच होती. त्याच्या शेताला विहीर होती, तुरीने हात दिला होता, घरात सगळे जिवंत होते. त्याच्यावर छापण्याजोगं संकटच नव्हतं.

एका श्रावणात दिल्लीचं एक अभ्यास पथक आमच्या भागात येणार, असं कळलं. त्यांची वाट भावसिंगच्या तांड्यावरूनच पुढे जात होती. भावसिंगने कोणाकोणाच्या हातापाया पडून तांड्यावर चहापुरतं थांबायचं कबूल करून घेतलं. चहा होईतो योजना सांगून होते, हा त्याचा हिशेब. शिवाय त्याने एक पुरावा तयार ठेवला होता. स्वतःच्या शेतातला कापूस, तांड्यातच पिंजलेला, चरख्यावर कातलेला, ओळखीच्या एका विणकराकडून हातमागावर विणून आणलेला आणि दारव्ह्यात शिवलेला असा एक सदरा. कापड जाड होतं, जागोजागी गाठी होत्या, आणि एक बाही दुसरीपेक्षा जरा लांब होती. पण बोंडापासून गुंडीपर्यंत जवळजवळ सगळा माल जिल्ह्यातला होता. तो सदरा घालून, फाइल घेऊन, भावसिंग तांड्याच्या तोंडाशी उभा राहिला. टाइप केलेलं काही अडलं तर सांगायला म्हणून मला बोलावून घेतलं होतं.

गाड्या आल्या. मुख्य साहेब उतरले, एक मॅडम उतरल्या, कॅमेरावाला उतरला. त्यांच्याबरोबर यवतमाळहून एक गृहस्थ दुभाषा म्हणून आले होते. त्यांना सगळ्या भाषा थोड्या थोड्या येत. भावसिंगने हात जोडून तोंड उघडलं आणि नेमकी त्याच वेळी मागून काळीपिवळी जीप येऊन थांबली. तिच्यातून त्याची बहीण पुष्पा उतरली. पुष्पा मारेगावकडच्या एका तांड्यावर दिलेली. तीजेच्या सणाला ती दरवर्षी माहेरी यायची, तशीच आली होती.

बंजारा बाया खूप दिवसांनी भेटल्या की काय करतात, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सूर लावून रडतात. त्यात गेलेली आई येते, दूर राहिलेलं माहेर येतं, वाट पाहून शिणलेले डोळे येतात. मन भरलं की पदराने तोंड पुसून हसतात आणि चहा ठेवतात. आपण जसं 'कशी आहेस' विचारतो तसंच हे, फक्त जास्त मनापासून. नंदाबाई धावत आल्या, तांड्यातल्या आणखी चारदोन जणी आल्या, आणि सगळ्यांनी मिळून असा काही सूर लावला की माझ्यासारख्या सवयीच्या माणसालाही गलबलून आलं.

पथक जागच्या जागी थिजलं. मॅडमनी चष्मा काढला. कॅमेरावाला पुढे सरकला. साहेबांनी हलक्या आवाजात दुभाष्याला विचारलं, कधी झालं? दुभाष्याने एकदा बायांकडे पाहिलं, एकदा भावसिंगच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, घरातलंच कोणी दिसतं.

"नाई साहेब," भावसिंग गडबडून म्हणाला, "कोणी नाई मेलं. माही बहीण आहे ते. आली म्हणून रडून राह्यली."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लपवू नका, असं ते हिंदीत म्हणाले, यात लाजण्यासारखं काही नाही. भावसिंग म्हणाला, आमची पद्धतच आहे साहेब. साहेबांचे डोळे आणखी ओले झाले. हा भाग इतका पिचला आहे, असं ते मॅडमना म्हणाले, की रडणं ही यांची पद्धतच होऊन गेली आहे. मी मध्ये पडून शुद्ध मराठीत समजावून पाहिलं, तर दुभाषा मलाच म्हणाला, तुम्ही त्यांच्या दुःखात राजकारण आणू नका. चहा झाला, गाड्या गेल्या, फाइल भावसिंगच्या काखेतच राहिली.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. मागे रडणाऱ्या बाया, पुढे भावसिंग, हात जोडलेले, तोंड अर्धवट उघडं. खाली लिहिलं होतं की अंगावर धड कापडही नसलेला हा हतबल शेतकरी. त्याने तो फोटो माझ्या दुकानात बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "बाही लहान-मोठी झाली, हे खरं आहे. पण धड नाई कसं? दोन धुण्यात फाटलं नाई." मला हसूही आलं आणि संतापही आला. हसलो नाही.

फोटोचा परिणाम चांगला झाला, म्हणजे जगाच्या दृष्टीने. मुंबईच्या एका सेवाभावी संस्थेने तांड्यासाठी कपड्यांचे गठ्ठे पाठवले. कोरे शर्ट, साड्या, पोरांच्या चड्ड्या. तांड्यावर आनंद झाला, आणि का होऊ नये? कापड चांगलं होतं. भावसिंगने आपल्या वाट्याचा शर्ट घेतला, दोन बोटांत धरून पाहिला आणि सांगितलं, "लांब धाग्याचा कापूस आहे. आपल्याकडचाच असन." तालुक्याबाहेर गेलेला कापूस असा दान होऊन परत आलेला पाहून त्याने योजनेत एक परिच्छेद वाढवला, फार कडू होता म्हणून मी तो जरा सौम्य केला.

थंडीच्या सुरुवातीला माझ्या दुकानात फोन आला. भावसिंगच्या पत्रांवर संपर्क म्हणून माझाच नंबर असे. त्या संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार होते, आणखी कपडे घेऊन. बोलणारे त्यांचे सचिव होते. गोड माणूस. त्यांनी सांगितलं की अध्यक्षांचा मूळ धंदा कापडाचाच, दोन गिरण्या आहेत, आणि भावसिंगचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं आहे. कार्यक्रम नीट झाला तर अध्यक्ष अर्धा तास बसून ती योजना ऐकतील. मग सचिव म्हणाले, फक्त एक विनंती. फोटोतल्या त्या भगिनी असाव्यात. आणि त्या दिवशी जसं झालं होतं, तसं, जमलं तर, सहजपणे व्हावं.

मी हे भावसिंगला जसंच्या तसं सांगितलं. गिरणीवाला माणूस अर्धा तास ऐकणार, याची वाट तो त्याचे केस काळे होते तेव्हापासून पाहत होता. मंत्री कायदा करतो, पण गिरणी गिरणीवालाच काढतो. एकदा त्याच्या मनात बसलं की तांड्यावर सूत निघू शकतं, तर पुढचं सगळं शक्य होतं. आणि त्यासाठी द्यायचं काय, तर बहिणीचं रडणं.

"बाई नाचवल्यासारखं होते हे," तो शेवटी म्हणाला. "पुष्पीले काय सांगू? कायले बोलावलं म्हणू?"

तरी तो गेला. मारेगावला जाऊन आला, आणि काय झालं ते मला त्यानेच सांगितलं. पुष्पा शेतात कापूस वेचत होती. याने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून, पायाने माती उकरत, सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "सण नाई, लगन नाई, अन् तू मले घ्यायला आला. असा कधी आला होता का रे? सांग ना, कधी?" भावसिंगला आठवेना. ती म्हणाली, "रडीन. तुह्या कारखान्यासाठी रडीन. त्यात काय आहे, येते तर येते रडणं." आणि ऐन वेचणीतून उठून ती त्याच्याबरोबर आली.

कार्यक्रमाच्या दिवशी तांड्यावर मंडप होता, मागे फलक होता, खुर्च्यांवर पांढरे अभ्रे होते, कडेला कॅमेरेवाले होते. अध्यक्ष साधे, गोरेगोमटे, हळू बोलणारे गृहस्थ निघाले. श्रावणातला तो दुभाषाही होताच. सचिवांनी पुष्पाला तांड्याच्या टोकाशी झाडाखाली थांबवून ठेवलं होतं, आणि अध्यक्ष खुर्चीत नीट बसल्यावर त्यांनी हात वर करून तिला खूण केली. ती चालत आली. नंदाबाई पुढे झाल्या, पण त्यांची पावलं अडखळत होती. तांड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. काहींना हसू आवरत नव्हतं. भावसिंगने मान खाली घातली होती आणि फाइल छातीशी धरली होती. मला वाटलं, ही आता हसणार, सगळं फिसकटणार. खरं सांगायचं तर तसं व्हावं असंच मला वाटत होतं.

पुष्पाने नंदाबाईंच्या गळ्यात हात टाकले आणि सुरुवात नेहमीसारखी केली. याडी, म्हणजे आई, तू गेलीस आणि माहेर परकं झालं. बायांनी शेवटचा शब्द उचलून धरला, जशी रीत आहे. मग सूर तोच ठेवून तिने शब्द बदलले. बंजाऱ्यांची गोरबोली मला बोलता येत नाही, पण इतकी वर्षं कानावर पडून कळते. ती म्हणत होती, भिया, माझ्या भावा, आपण कापूस वेचतो आणि ट्रक घेऊन जातो, ट्रक कुठे जातो ते आपल्याला कोणी सांगत नाही. भिया, तू म्हणालास इथेच सूत काढू, इथेच कापड विणू, पोरं आपल्या हातचे सदरे घालून शाळेत जातील. तू दिल्लीला लिहिलंस, दिल्लीने आभार मानले. तू मुंबईला लिहिलंस, मुंबईने शर्ट पाठवले. लिहिता लिहिता, माझ्या भावा, तुझे केस पिकले.

बायांचं हसणं केव्हाच थांबलं होतं. त्यांनी 'केस पिकले' हे शब्द उचलले आणि आता त्या खरंच रडत होत्या. पुष्पा पुढे जात राहिली. तिच्या रडण्यात दवाखान्याच्या चादरी आल्या, कचेऱ्यांचे पडदे आले. निम्मा पगार कापसात घेऊन रांगेत उभा राहिलेला आमदारही आला, आणि त्यावर नंदाबाईंनी असा हुंदका दिला की माझे डोळे भरले. एकही कलम सुटलं नाही. पीठ दळून होण्याची वाट पाहत अंगणात बसलेल्या या बायांच्या कानांवर त्याचं वाचन पडत राहिलं होतं, आणि सणाला येणाऱ्या बहिणीच्याही. ऐकून घ्यायला कोणी नाही, असं समजून तो इतकी वर्षं वाचत होता.

भावसिंगची मान वर आली. तो बहिणीकडे बघत राहिला, आणि मग त्या पांढऱ्या मिशांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. फाइल कधी हातातून खाली पडली ते त्याला कळलं नाही. कॅमेरेवाल्यांना मात्र कळलं.

अध्यक्षांनी दुभाष्याला विचारलं, काय म्हणते आहे ती? दुभाषा रुमालाने नाक पुसत म्हणाला, घरातल्या दुःखाचं गाते आहे, साहेब. अध्यक्ष उठले, पुढे आले, त्यांनी भावसिंगचे दोन्ही हात हातात घेतले. मी पुढे होऊन फाइल उचलून दिली आणि म्हटलं, साहेब, ती अर्ध्या तासाची गोष्ट. अध्यक्षांनी मान हलवली.

"आता काही बोलायची गरज नाही," ते म्हणाले. "मला सगळं कळलं."

पुढच्या वर्षी घोंगड्याही देण्याचं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. गाड्या जेवणाच्या वेळेत यवतमाळला निघून गेल्या.

मी तिथे मागेच राहिलो. मला वाटलं, हा माणूस आता खचला असणार, याच्याशी दोन शब्द बोलून मग निघू. अंगणात खाटेवर आम्ही दोघं बसलो होतो, नंदाबाई चहा गाळत होत्या, पुष्पा खाली बसून पायातले काटे काढत होती. मी काहीतरी सुरुवात करणार तेवढ्यात तीच बोलली.

"भिया, एक इचारू का? तुह्या गिरणीत सूत कोण कातणार आहे?"

"महिला," भावसिंग म्हणाला. हे उत्तर योजनेत छापलेलं होतं.

"कोणत्या?"

भावसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"नाई, म्या सारं ऐकलं न, म्हणून इचारून राह्यली," पुष्पा म्हणाली. "दिवाईपासून संकरातीपर्यंत आमी येचणीत. मंग गहू. मंग लाकडं, मंग पाणी. तू लिहिलं, वर्षभर गिरणी चालन. कोणाच्या हातानं चालन? अन् ह्या वहिनीले कधी इचारलं का तू? आख्ख्या तांड्यात गिरणी चालवते ते हीच. मोटर हीच खोलते, पट्टा हीच बदलते. तुह्या कागदात हिचं नाव हाय का?"

नंदाबाई कप पुढे करून उभ्या होत्या. भावसिंगने कप घेतला नाही. तो त्यांच्याकडे असा बघत होता जसा एखाद्या अनोळखी बाईकडे माणूस बघतो. मला वाटलं, आता चिडेल. भावाला बहिणीवर चिडायला एवढं निमित्त पुरतं, आणि दिवसही तसाच गेला होता.

"अश्वजितभाऊ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू येईना, "ऐकलं का? आक्षेप घेतला तिनं."

मी म्हटलं, हो, ऐकलं.

"इतक्या जागी पाठवलं आपण. आभार आले, शर्ट आले. आक्षेप नाई आला कोणाचा." तो खाटेवरून उतरला आणि खाली, बहिणीसमोर, मातीवर मांडी घालून बसला. "पुष्पे, पुन्हा सांग. हळू सांग. नंदा, तूही बस इथं. गिरणी कोणत्या महिन्यात बंद ठेवा लागन?"

नंदाबाई बसल्या. मग त्यांनी कप त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की पहिल्यांदा विजेचं बघा, वीज नसली तर बाकीचं बोलून उपयोग नाही.